बाक कुत ते: मागवताना, खाताना, रांधताना

डुकराचं मांस तुम्हाला चालत असेल आणि सिंगापूरला किंवा क्वालालंपूरला जायचा योग येणार असेल, तर एक वेळचं जेवण बाक कुत तेसाठी राखून ठेवा. डुकराच्या बरगड्या अख्ख्या लसणासोबत, आणि मिरी किंवा चिनी औषधी मुळ्या घालून, तास-दीड तास मंद आचेवर उकळतात. तो रस्सा आणि मांस, जोडीला वाफेचा भात, खारवलेली मोहरीची भाजी, मैद्याच्या तळलेल्या कांड्या, मिरच्या घातलेला सोया सॉस आणि जेवण संपेपर्यंत छोट्या पेल्यांतून चालणारा कडक ऊलाँग चहा, असा सगळा थाट असतो. चहा रश्श्यात घालत नाहीत. तो शेजारी असतो.

आपल्याकडचे प्रवासी इथे दोन प्रकारे फसतात. काही जण एकच वाटी मागवतात, दोन घोट घेतात आणि काढा प्यायल्यासारखं तोंड करून उठतात. काही जण ‘औषधी सूप’ एवढंच ऐकून सांधेदुखीपासून सर्दीपर्यंत सगळ्यावरचा उपाय समजून त्याच्या पुड्या घरी घेऊन येतात. बाक कुत ते हे पूर्ण जेवण आहे. ते जेवण म्हणून मागवावं, चौघांनी मिळून खावं आणि आवडलं तर घरी रांधावं. त्यासाठी जे माहीत हवं, ते पुढे क्रमानं देतो.

दोन गावं, दोन रस्से

बाक कुत ते मूळचं कुणाचं, यावरून मलेशियातलं क्लँग आणि सिंगापूर यांच्यात जुना वाद आहे. दोन्हीकडची कहाणी मात्र मजुरांचीच आहे. एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्याची सुरुवात या काळात दक्षिण चीनच्या फुजियान आणि ग्वांगडोंग प्रांतांतून माणसं मोठ्या संख्येनं मलायात आली. त्यातली कित्येक बंदरांवर आणि नदीकाठच्या गोदामांत ओझी वाहू लागली. हाडं स्वस्तात मिळत, मिरी-लसूण हाताशी होते, मुळ्या-साली मायदेशाच्या ओळखीच्या होत्या. अंगमेहनतीच्या माणसाला आधार देणारं खाणं म्हणून हा रस्सा तिथे रुजला.

क्लँगमध्ये रुजला तो फुजियानच्या होक्कियन लोकांचा रस्सा. तो गडद तपकिरी असतो. त्यात दालचिनी, चक्रीफूल आणि लवंगेबरोबर चिनी औषधी मुळ्या आणि सोया सॉस पडतो. चव दाट, थोडी गोडसर, शेवटी किंचित कडवट. सिंगापूरमध्ये जास्त चालतो तो ग्वांगडोंगच्या पूर्व टोकाकडून आलेल्या तेओच्यू लोकांचा रस्सा. तो पातळ आणि फिकट असतो, त्यात पांढरी मिरी आणि लसूण यांचंच राज्य असतं आणि पहिल्याच घोटाला घसा पेटतो. मुळ्यांवर आणखी भर देणारा कँटनी प्रकारही आहे, पण दुकानांत गाठ पडते ती बहुधा या दोघांशी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मलेशियानं बाक कुत तेला राष्ट्रीय वारसा पदार्थांच्या यादीत घेतलं. बहुसंख्य मुस्लिम असलेल्या देशात डुकराच्या पदार्थाला हा मान मिळाल्यामुळे तिथे बरीच चर्चाही झाली. सिंगापूरची तर अख्खी हॉकर संस्कृतीच, म्हणजे ठेल्यांवरची खाद्यसंस्कृती, २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली.

पहिल्यांदा खाणार असाल तर सुरुवात सिंगापुरी मिरीच्या रश्श्यानं करा. आपली जीभ मिरी-लसूण चटकन ओळखते. मुळ्यांच्या वासाची सवय व्हायला मात्र एखादं जेवण जावं लागतं, म्हणून क्लँगचा रस्सा दुसऱ्या खेपेला ठेवलेला बरा.

कुठे आणि केव्हा जावं

सिंगापूरमध्ये भारतीय पाहुणे बहुधा लिटल इंडिया किंवा फॅरर पार्क भागात उतरतात. त्यांच्यासाठी ही जमेची बाजू आहे, कारण बाक कुत तेसाठी प्रसिद्ध असलेला रंगून रोड तिथून चालत जाण्याइतका जवळ आहे. ‘एन्ग आह सिओ’ हे जुनं नाव याच रस्त्यावरचं. बालेस्टियर रोडही फार लांब नाही, ‘फाउंडर’ तिथलं. ‘सोंग फा’ची सुरुवात १९६९ मध्ये जोहोर रोडवरच्या हातगाडीवर झाली. आज त्यांचं मुख्य दुकान क्लार्क की मेट्रो स्थानकासमोर आहे आणि नवख्या माणसाला तिथलं चित्रांचं मेनूकार्ड सोयीचं पडतं. सिंगापूरमध्ये ही दुकानं दुपारी आणि रात्रीही चालतात.

क्लँगला जायचं तर क्वालालंपूरच्या केएल सेंट्रल स्थानकावरून पोर्ट क्लँगकडे जाणारी केटीएम कोम्युटर लोकल पकडा. क्लँग स्थानकात उतरलं की जुनं गाव समोरच असतं. पुलाखालचं ‘सेंग हुआत’ आणि ‘तेक तेह’ ही तिथली नावाजलेली जुनी दुकानं स्थानकापासून चालत जाता येतील अशी आहेत. क्लँगमध्ये बाक कुत ते ही मुळात सकाळची न्याहारी आहे. बरीच जुनी दुकानं सकाळी लवकर उघडतात आणि पातेलं रिकामं झालं की बंद होतात. क्वालालंपूरहून दुपारी आरामात निघालात तर हात हलवत परतायची वेळ येईल. सकाळची पहिलीच लोकल धरा आणि हॉटेलातला नाश्ता त्या दिवशी सोडून द्या.

काय मागवावं

टेबलावर चौघं असतील तर सिंगापूरमध्ये असं मागवा: बरगड्यांचे चार बाउल, चार भात, ‘यू चार क्वे’ म्हणजे तळलेल्या कांड्यांच्या दोन बशा, ‘कियाम चाय’ म्हणजे खारवलेल्या मोहरीच्या पाल्याची एक बशी, सोया सॉसमध्ये शिजवलेल्या शेंगदाण्यांची किंवा ‘ताउ पोक’ या तळलेल्या, पोकळ टोफूची एक, एक हिरवी भाजी आणि एक किटली चहा. बरगड्यांत निवड असते. साध्या बरगड्या स्वस्त असतात. लांब हाडाच्या ‘प्राइम’ बरगड्या जास्त मांसल असतात, पैसेही जास्त पडतात. पहिल्या खेपेला दोन्ही थोड्या थोड्या घ्या.

क्लँगच्या जुन्या दुकानांत माणूस मांसाचा भाग सांगून मागवतो. तीन शब्द लक्षात ठेवले की काम भागतं: ‘पाय कुत’ म्हणजे बरगडी, ‘साम चान बाक’ म्हणजे चरबी-मांसाचे थर असलेला पोटाचा भाग, आणि ‘तू का’ म्हणजे पाय. चौघांत तिन्हींचा एकेक वाडगा घ्या. चौथा वाडगा ‘सुक्या’ बाक कुत तेचा सांगा. त्यात रस्सा आटवून गडद सोया सॉस, सुक्या लाल मिरच्या, वाळवलेलं माकूल आणि बऱ्याचदा भेंडी घालून मांस परततात. तिखट-गोड चवीमुळे मराठी जिभेला हा प्रकार लवकर रुचतो. पण फक्त हाच खाऊन उठू नका, कारण या पदार्थाचा जीव रश्श्यात आहे. क्लँगमध्ये भातावर बहुधा तळलेल्या बारीक कांद्याचं तेल असतं. तोच भात मागा.

रश्श्याच्या बाबतीत दोन गावांची रीत वेगळी आहे. सिंगापूरच्या बहुतेक दुकानांत वाढपी किटली घेऊन फिरतो आणि कोल्हापुरात पांढरा रस्सा वाढतात तसा बाउल रिकामा दिसला की भरून जातो. क्लँगच्या जुन्या दुकानांत रस्सा दाट असतो आणि मोजकाच येतो.

सोबत डुकराचं न खाणारं कुणी असेल तर एक गोष्ट आधीच बघा: टोफू, शेंगदाणे आणि भाज्याही पुष्कळदा त्याच रश्श्यात किंवा डुकराच्या चरबीत शिजलेल्या असतात. त्या व्यक्तीला ‘यावर निभावून ने’ म्हणू नका. तिच्या जेवणाची वेगळी सोय करा. मलेशियात कोंबडीचा ‘चिक कुत ते’ आणि मशरूम-टोफूचा शाकाहारी प्रकारही मिळतो, पण वेगळ्या दुकानांत. सोया सॉसमध्ये गहू असतो आणि ऑयस्टर सॉसमध्ये कालवं, हे अॅलर्जी असलेल्यांनी ध्यानात ठेवावं.

कसं खावं

बाउल समोर आला की आधी नुसता रस्सा प्या. दोन-तीन चमचे, काहीही न मिसळता. मिरीचा झणका किंवा मुळ्यांचा वास इथेच कळतो; मिरची-सोया जिभेवर गेल्यावर तो पुन्हा नीट हाती लागत नाही.

मग छोट्या बशीत गडद सोया सॉस घ्या, त्यात लाल मिरचीचे काप टाका. क्लँगमध्ये बारीक चिरलेला कच्चा लसूणही टेबलावर असतो. हा सॉस मांसासाठी आहे. बरगडी बाहेर काढून त्यात टेकवायची; सॉस रश्श्यात ओतायचा नाही. चांगली शिजलेली बरगडी खायच्या काडीनं हलकेच ओढली की मांस हाडावरून सुटतं, पण त्याचा लगदा झालेला नसतो. हाड हातात धरून खाल्लं तरी कुणी वाईट मानत नाही. रश्श्यातली लसणाची अख्खी गड्डी टाकून देऊ नका. सालीसकट दाबली की आतून लोण्यासारखा मऊ लसूण निघतो. तो भातावर घ्या.

तळलेल्या कांड्यांचे तुकडे रश्श्यात बुडवा आणि लगेच उचलून खा. आतली जाळी रस्सा पिऊन घेते आणि बाहेरचं कवच अजून कुरकुरीत असतं, तेवढ्यात तो घास संपायला हवा. चरबीनं तोंड जड झालं की खारवलेल्या मोहरीचा एक घास घ्या. तिचं हेच काम आहे. भाताचे घास अधूनमधून, रस्सा सगळ्यात शेवटपर्यंत.

रीतीभातींचं म्हणाल तर चारच गोष्टी सांभाळा. खायच्या काड्या भातात उभ्या खोचू नका. ती खूण मृतांसाठी लावलेल्या उदबत्तीची मानतात. मधल्या बशीतून आपल्याला हवा तो तुकडा शोधत उचकाउचक करू नका. वयानं मोठ्या व्यक्तीनं सुरुवात केल्यावर खायला घ्या. आणि कुणी तुमच्या पेल्यात चहा ओतला तर दोन बोटांनी टेबलावर हलकं टकटक करा. ते आभार असतात.

चहाचं काम

चहा टाळून पैसे वाचवू नका. डुकराची चरबी जिभेवर थर धरते आणि भाजक्या ऊलाँगचा तुरटपणा तो थर उतरवतो, त्यामुळे शेवटच्या घासालाही चव लागते. चहानं चरबी ‘जळते’ वगैरे जे कानावर येतं ते सोडून द्या. जिभेपुरतं काम तो चोख करतो आणि तेवढं पुरेसं आहे.

दुकानात बहुधा ‘तिएग्वानयिन’ किंवा दुसरा एखादा ऊलाँग मिळतो. १९२५ मध्ये सुरू झालेली सिंगापूरची ‘पेक सिन चून’ ही चहाची पेढी तिथल्या कितीतरी बाक कुत ते दुकानांना चहाच्या पुड्या पुरवते. तुमच्यासमोर मुठीएवढी चहादाणी, बोटभर उंचीचे पेले आणि उकळत्या पाण्याची किटली येईल. चहादाणीत पानं घाला, उकळतं पाणी ओता आणि हे पहिलं पाणी लगेच पेल्यांवर ओतून टाका. त्यानं पानं जागी होतात आणि पेले गरम होतात. दुसरं पाणी वीस-तीस सेकंद ठेवून सगळ्यांना ओता. पुढच्या प्रत्येक खेपेला थोडा जास्त वेळ द्या. त्याच पानांवर पाच-सहा खेपा सहज निघतात. दूध-साखर मागू नका.

घरी रांधायचं तर: आधी मांस

भारतात डुकराचं चांगलं मांस गोव्यात आणि वसईत सहज मिळतं. मुंबई-पुण्यात कोल्ड स्टोरेजची दुकानं गाठा. खाटकाला बरगड्या सुट्या करून, साधारण बोटभर लांबीचे तुकडे करून मागा आणि हाडावर मांस नीट आहे ना ते बघून घ्या. अगदी चरबीविरहित तुकडे या रश्श्यात कोरडे पडतात.

सगळ्यात महत्त्वाची पायरी म्हणजे मांसाला पहिली उकळी देऊन ते पाणी टाकून देणं. बरगड्या थंड पाण्यात ठेवूनच पातेलं आचेवर चढवा. पाणी तापू लागलं की आधी कडेला राखाडी फेस धरतो. मग तो मधे सरकतो, दाटतो, तपकिरी होतो आणि हाडाच्या कापलेल्या टोकांतून साकळलेलं रक्त सुटून वर येतं. पाणी खदखदलं की आणखी पाचेक मिनिटं राहू द्या. नंतर सगळं पाणी ओतून टाका, प्रत्येक तुकडा वाहत्या पाण्याखाली बोटानं चोळून धुवा, हाडाच्या खोबणीतला गाळ काढा आणि पातेलंही घासून घ्या. ही दहा-पंधरा मिनिटं वाचवली तर रस्सा गढूळ होतो आणि डुकराचा उग्र वास राहतो. मग कितीही मसाला घातला तरी तो वास झाकत नाही.

मिरीचा सिंगापुरी रस्सा (चौघांसाठी)

धुतलेल्या १ किलो बरगड्यांसाठी अडीच लिटर पाणी वेगळं उकळून घ्या. २ मोठे चमचे अख्खी पांढरी मिरी कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंत परता, खलबत्त्यात फक्त फोडा आणि मलमलच्या फडक्यात बांधा. मिरीची पूड करू नका. रस्सा गढूळ आणि कडवट होतो. काळी मिरी इथे चालत नाही. दाणा एकाच वेलीचा असला तरी साल काढलेल्या पांढऱ्या मिरीचा झणका वेगळा आणि रंगही रश्श्याला साजेसा. केरळची पांढरी मिरी आपल्याकडे मसाल्याच्या दुकानांत मिळते.

उकळत्या पाण्यात बरगड्या, मिरीची पुरचुंडी आणि लसणाच्या २ अख्ख्या गड्ड्या सालीसकट घाला. लसणाची बाहेरची सुटी टरफलं तेवढी काढा. पुन्हा उकळी आली की आच अशी ठेवा की पृष्ठभागावर नुसते बुडबुडे फुटत राहतील. जोरात खळखळ होऊ देऊ नका. झाकण अर्धवट ठेवून सव्वा ते दीड तास शिजवा. तासाभरानं मीठ, १ मोठा चमचा फिकट सोया सॉस आणि खडीसाखरेचा छोटा खडा घाला. मीठ आधी घातलं तर रस्सा आटल्यावर खारट होतो. कुकर वापरणं भागच असेल तर पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर वीस मिनिटं ठेवा, वाफ आपोआप जिरू द्या आणि मग उघड्यावर दहा मिनिटं उकळा. मांस मऊ होईल, रश्श्याची चव मात्र थोडी कमीच राहील.

मुळ्यांचा क्लँगचा रस्सा

पहिल्यांदा करताना तयार पुडी घ्या. मलेशिया-सिंगापूरच्या किराणा दुकानांत ‘ए-वन’सारख्या पुड्या सहज मिळतात. तिथल्या जुन्या चिनी औषधी पेढ्यांमध्येही पुड्या बांधून देतात. अशा पेढ्यांपैकी ‘यू यान सांग’ ही १८७९ मध्ये मलेशियातल्या गोपेंग या टिनच्या खाणींच्या गावात सुरू झाली. बंद पुडीवर घटकांची यादी असते, ती वाचून घ्या. भारतात आणण्याआधी सीमाशुल्काचे आणि वनस्पतीजन्य मालाचे नियम पाहा. मांसाचे पदार्थ तर आणूच नका.

सुटे घटक मिळाले तर १ किलो बरगड्या आणि पाव किलो पोटाचं मांस यांना हे प्रमाण पुरतं: दालचिनीचा बोटभर तुकडा, १ चक्रीफूल, ४ लवंगा, १ छोटा चमचा पांढरी मिरी, डांग ग्वेच्या २ पातळ चकत्या, च्वान श्योंगच्या २ चकत्या, डांग शेनच्या ३-४ काड्या, यू झूचे ५-६ तुकडे, शू डीचा १ छोटा तुकडा, ज्येष्ठमधाच्या २ चकत्या आणि ६ वाळलेली चिनी लाल बोरं. डांग ग्वे आणि च्वान श्योंग या ओवा-बडीशेपेच्या कुळातल्या मुळ्या; ‘औषधी’ वास त्यांचा, आणि हात जड झाला तर कडवटपणाही त्यांचाच. डांग शेन आणि यू झू गोडसर आहेत, ते रस्सा मवाळ करतात. शू डी काळी, चिकट असते आणि रंग देते.

लाल बोरं सोडून सगळं धुऊन फडक्यात बांधा. अडीच लिटर पाणी, लसणाच्या २ गड्ड्या, पुरचुंडी आणि लाल बोरं एकत्र अर्धा तास उकळा, मग मांस घाला आणि मंद आचेवर तासभर शिजवा. नंतर ३ मोठे चमचे फिकट सोया सॉस, १ मोठा चमचा गडद सोया सॉस, भिजवलेले सुके शिताके मशरूम आणि तळलेला टोफू घालून आणखी अर्धा तास ठेवा. भारतीय बाटल्यांतला गडद सोया सॉस बऱ्याचदा खारट असतो, म्हणून अर्धाच घालून चव बघा. गोजीची मूठभर फळं शेवटच्या दहा मिनिटांत टाका. मातीचं भांडं असेल तर ते तसंच टेबलावर आणा. रस्सा शेवटपर्यंत कढत राहतो.

आपल्या बाजारातून होणारा तिसरा रस्सा

मुळ्या मिळत नसतील तर अडून बसू नका. ग्वांगडोंग आणि हाँगकाँगच्या घरांत डुकराच्या हाडांचे कितीतरी साधे रस्से होतात आणि त्यातला कमळकाकडीचा आपल्याकडे सहज जमतो. पहिली उकळी दिलेल्या अर्धा किलो बरगड्या, अर्धा किलो कमळकाकडीच्या बोटभर जाड चकत्या, चार तास भिजवलेले १०० ग्रॅम कच्चे शेंगदाणे, आल्याचे दोन काप आणि मिळाली तर चार लाल बोरं दोन लिटर पाण्यात दोन तास मंद उकळा. शेवटी फक्त मीठ. कमळकाकडीच्या भोकांत चिखल अडकतो, म्हणून चकत्या करून पुन्हा धुवा.

तैवानमध्ये डुकराच्या आतड्यांचा ‘स-शन-थांग’ हा रस्सा रस्त्यावर मिळतो. त्याच्या चार मूळ घटकांपैकी एक आपला मखाना आहे, फक्त तो फुलवलेला नसून कच्च्या दाण्याच्या रूपात असतो. दुसरा घटक म्हणजे कमळाच्या बिया. तिकडे गेलात तर हाही चाखून बघा.

वनस्पती आहेत, म्हणून सावधपणा

चिनी परंपरा खाद्यपदार्थांना उष्ण आणि थंड मानते आणि हा रस्सा उष्णात धरते. आपल्यालाही ही भाषा परकी नाही. पण अधूनमधून खाल्लेल्या एका बाउलनं आजार बरा होईल अशी अपेक्षा धरू नये, आणि तो रोज काढ्यासारखा पिऊही नये. निरोगी माणसाला जेवण म्हणून भीती नाही. पुढच्या मंडळींनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी डांग ग्वे आणि गोजी टाळावेत; दोन्हींमुळे त्या औषधाचा परिणाम वाढल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. उच्च रक्तदाब असलेल्यांनी ज्येष्ठमध घालू नये. त्यानं रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम घटतं. त्यात सोया सॉसचं मीठ आहेच. गरोदर स्त्रियांनी मुळ्यांचा रस्सा सोडून मिरीचा किंवा कमळकाकडीचा घ्यावा. गाउटचा त्रास असणाऱ्यांना हाडांचा दाट रस्सा आणि काळीज-गुर्दा बाधू शकतो. त्यांनी चार चमच्यांवर थांबावं.

सुट्या मुळ्या ओळखीच्या, परवानाधारक पेढीतूनच घ्या. बचनागाच्या जातीच्या मुळ्या चिनी औषधांत प्रक्रिया करून वापरतात. कच्च्या त्या जीवघेण्या असतात आणि वाळलेल्या तुकड्यांत नवख्याला फरक कळत नाही. २०२२ मध्ये कॅनडातल्या मार्कहॅम शहरात मसाल्यात हे विष मिसळलं गेल्यामुळे लोक रुग्णालयात दाखल झाले होते. कुणी भेट दिलेली, नाव नसलेली मुळी पातेल्यात टाकू नका.

मांसाबद्दलही एक नियम पक्का पाळा: डुकराचं मांस कधीही अर्धकच्चं खाऊ नका. तासभर उकळलेल्या बरगड्यांत तो प्रश्न उरत नाही, पण कच्चं मांस कापलेली सुरी आणि फळी कोशिंबिरीला लावण्याआधी साबणानं धुवा.

उरलेल्या रश्श्याचं काय करावं

रस्सा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. मुळ्यांची पुरचुंडी त्याआधी काढा, नाहीतर रात्रभरात रस्सा कडू होतो. दुसऱ्या दिवशी वर गोठलेली चरबी चमच्यानं काढून टाका. आता रस्सा अधिक मुरलेला असतो; त्यात तांदळाच्या किंवा गव्हाच्या बारीक शेवया घालून न्याहारी करा. खळखळून उकळूनच घ्या आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

घरी पहिल्यांदा करणार असाल तर रविवारची सकाळ निवडा आणि मिरीच्या रश्श्यापासून सुरुवात करा. खारवलेली मोहरी मिळाली नाही तर मुळ्याच्या पाल्याला आदल्या दिवशी मीठ आणि थोडं व्हिनेगर चोळून ठेवा, कामापुरतं भागतं. कांड्यांऐवजी साधा कडक पाव चालेल. चहा मात्र बिनदुधाचाच हवा. आणि चार माणसं बोलवा. दोन किलोच्या पातेल्यात जी चव उतरते ती एका वाटीपुरत्या रश्श्यात उतरत नाही. हे जेवण ओझी वाहणाऱ्यांच्या घोळक्यासाठी जन्माला आलं. अजूनही ते गर्दीच्या टेबलावरच खुलतं.